आठवं पान

"सात," सोजराबाई पुटपुटल्या आणि त्यांचं बोट पुढं सरकलं. पुढंही पान होतं. आठवं.

दसरा होऊन चार दिवस झाले होते. दरसालच्या रीतीप्रमाणे त्यांनी पेटीतली शाल काढून पडवीच्या सावलीत, बाजेवर पसरली होती. लोकर उन्हात घालायची नाही, रंग उडतो. खुंटीला टांगायची नाही, ओघळते. आणि परत ठेवताना जुन्या घडीवर घडी घालायची नाही, तिथंच ती चिरते. बुलढाण्यातल्या दोन पिढ्यांच्या मुलींना त्यांनी घरच्या शिवणवर्गात हे शिकवलं होतं. महाराष्ट्र झाला त्या साली मोतीबिंदूनं डोळे गढूळ झाले आणि वर्ग बंद पडला. पण बोटांना अजून सगळं दिसत होतं. या शालीच्या काठावर दहा पानांची वेल आखलेली होती, आणि गेली बारा वर्षं त्यातली सातच पानं भरलेली होती.

त्यांनी आठव्या पानावरून पुन्हा बोट फिरवलं. पहिल्या सात पानांचे टाके उजवीकडे कललेले, ओढलेले, आखडलेले. याचे मात्र डावीकडे कललेले. मऊ, सारखे, कसलीच घाई नसल्यासारखे. असे टाके डावखुऱ्या हातातूनच उतरतात. पेटीला कुलूप होतं आणि किल्ली त्यांच्या कमरेला.

डावखुरी अशी एकच मुलगी त्यांच्या वर्गात येऊन गेली होती. अमडापूरची अन्नपूर्णा. ही शाल तिचीच.

त्याच दुपारी अन्नपूर्णेची आई झुंबरबाई दारात येऊन उभी राहिली.

"वळखलं का बाई? डोये गेले म्हनतात तुमचे."

"तुमचा आवाज कुठं गेलाय, झुंबरबाई? या, बसा."

"अन्नीची पोरगी कोकिळा पाचवीत आली. मामापाशी ठेवली, इथंच बुलढान्यात. इथली थंडी मोठी खराब. म्हटलं, मायची शाल हाये बाईपाशी, थेच द्यावी पोरीले. पुढच्या बाजाराले नेतो."

"न्या. वेल बाहेरच्या अंगाला ठेवून पांघर म्हणावं, आणि वेणीचं तेल लोकरीला लागू देऊ नको."

"पोरगी हाये थे! तेल काय, नाकही तिलेच पुसन."

सोजराबाईंना हसू आलं, पण लगेच त्या म्हणाल्या, "शाल अपुरी आहे पण."

"मंग पुरी करा ना. मेल्या मायची अर्धी राह्यलेली चीज लेकराच्या आंगावर घालू नाही. अन्नीची सासू तं जाळून टाकन थे." झुंबरबाईंनी शाल मांडीवर ओढली आणि काठावरून बोट फिरवलं. "बाई, हे शेवटचं पान कोनं काढलं?"

सोजराबाईंनी कमरेची किल्ली चाचपली.

"हा तं माह्या अन्नीचा डावा हात. भाकर थापे तं बोटं अशीच उमटत तिची." त्यांचा आवाज खाली आला. "काऊन बाई? तुमी तं तिचा डावा हात चालू देत नव्हत्या ना?"

"नव्हते देत. एक दिवस खुर्चीच्या हाताला बांधला होता, लोकरीच्या दोऱ्यानं. दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही."

"मले तं म्हने, बाईनं सुट्टी देल्ली." झुंबरबाई उठल्या. शाल त्यांनी हलक्या हातानं बाजेवर ठेवली. "येतो मी बाजाराले."

वर्ग सुटला त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात अन्नपूर्णेचं लग्न झालं होतं, आणि पहिल्याच बाळंतपणात ती गेली होती.

सोजराबाईंनी स्वतः भरून पाहिलं. सुई ओवण्यातच सकाळ गेली. चार टाके घातले, चारही वाकडे. ते उसवून, शाल वर्गातल्या जुन्या खुर्चीवर ठेवून त्या देवळात गेल्या. परत येऊन चाचपलं तर नववं पान अर्धं भरलेलं होतं. लोकर कोमट लागली, कुणाच्या मांडीवरून नुकतीच उचलल्यासारखी.

पण हे टाके उजवीकडे कललेले होते. ओढलेले, आखडलेले.

तीन दिवस पुढं एकही टाका पडला नाही. बाजार उद्यावर आला. सोजराबाई खुर्चीशी बसल्या आणि त्यांनी तिच्या डाव्या लाकडी हातावरून बोटं फिरवत नेली. लाकडाच्या खाचेत एक बारीक, टणक गाठ लागली. बारा वर्षांपूर्वी त्यांनी दोरा कात्रीनं कापला होता. गाठ सोडायची राहून गेली होती.

नखांनी ती सुटेना. तासभर लागला. मग त्यांनी नवव्या पानाचे टाके एकेक करून उसवले. खुर्ची उचलून फिरवली. चाळीस वर्षं त्यांच्या वर्गात उजेड डाव्या बाजूनं येत आला होता. आता खिडकी उजवीकडे आली. डाव्या हाताची सावली कामावर पडणार नव्हती. शालीशेजारी दोऱ्याची लडी आणि सुई ठेवून त्या ओट्यावर गेल्या आणि दाराकडे पाठ करून बसल्या.

थोड्या वेळानं आत खुर्ची करकरली. लोकरीतून दोरा ओढल्याचा बारीक आवाज येऊ लागला. थांबे, पुन्हा येई.

'हळू ओढ गं,' सोजराबाईंच्या अगदी ओठांवर आलं होतं. त्यांनी ते गिळलं, आणि उन्हाकडे तोंड करून त्या बसून राहिल्या.