पहिला मान पाहुण्यांचा

परळच्या शाळेत कालिंदीबाई दोन वर्षं हंगामी शिक्षिका होत्या. कायम व्हायला तपासनीसांचा चांगला शेरा हवा होता, आणि मुख्याध्यापक गंगाधरपंतांना हवे होते खड्या आवाजातले पावक्या-निमक्यांचे पाढे. "चिंचोके खेळायला ही शाळा आहे की मंगळागौर?" असं ते आठवड्यातून दोनदा विचारत. उत्तरासाठी थांबत नसत.

नेमका मोर्चाचा दिवस साधून तपासनीस लॉरेन्स डिमेलो साहेब आले. पावक्या म्हणून झाल्या, साहेबांच्या जांभया देऊन झाल्या. पण बाहेरचा रस्ता 'संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे'नं भरलेला. निघता येईना. गंगाधरपंत चहाचं बघायला गेले आणि साहेबांची नजर कोनाड्यातल्या चिंचोक्यांच्या डब्यावर पडली.

"हे काय?"

"गणित," बाई म्हणाल्या. दुसरं काही सुचलंच नाही.

वर्गातल्या, करी रोडहून येणाऱ्या बेबीनं टेबलावर वीस चिंचोके मांडले. "एका वेळी एक, दोन नाहीतर तीन उचलायचे. शेवटचा उचलेल तो जिंकला. पहिला मान पाहुण्यांचा, साहेब."

वर्ग भलताच आदबशीर झाला.

साहेबांनी तीन उचलले, बेबीनं एक. साहेबांनी दोन, बेबीनं दोन. बघता बघता साहेब हरले. कान लाल झाले.

"पुन्हा मांड."

चिंचोक्यांबरोबर आपली नोकरीही उचलली जाताना बाईंना दिसली. त्यांनी बेबीकडे डोळे वटारले : हर! बेबी शहाणी. साहेबांनी दोन उचलल्यावर तिनं मुकाट्यानं एकच उचलला.

अठ्ठेचाळीस पोरांना हे सोसवेना.

"ए बावळट, दोन उचल! सोळा ठेव!"

"बाई, ही मुद्दाम हरतेय!"

बाईंनी डोळे मिटून घेतले.

"सोळाच का रे?" साहेबांनी विचारलं.

"चारचा गठ्ठा, साहेब! तुम्ही कितीही उचला, आम्ही चार पुरे करणार. वीस, सोळा, बारा..."

"मग पहिला मान मला का?"

वर्ग छताकडे बघू लागला. शेवटी बेबीच म्हणाली, "पाहुणे आहात ना."

साहेबांनी उरलेले सतरा चिंचोके बोटानं चार-चारच्या गठ्ठ्यांत सरकवले. मग त्यांनी एक उचलला. त्यानंतर बेबी बाईंकडे न बघता जीव तोडून खेळली. उपयोग झाला नाही.

शेरा साहेबांनी तिथेच लिहिला : 'गणिताचे अध्यापन उत्तम. बाईंना कायम करावे. तपासनिसाची प्रगती समाधानकारक.' शेवटचं वाक्य मग त्यांनी खोडलं, पण वाचता येईल इतपतच.

तेवढ्यात गंगाधरपंत चहा घेऊन आले. साहेबांनी वीस चिंचोके मोजून मांडले.

"बसा, पंत. पहिला मान तुमचा."