कमूचा फोटो

मी फिरदौस. जव्हारला एसटी स्टँडच्या मागे आमचा फोटो स्टुडिओ आहे. अब्बांच्या हाताला कंप सुटला तेव्हापासून कॅमेरा, कॉम्प्युटर आणि गिऱ्हाइकांची कटकट, सगळं माझ्याच डोक्यावर. दोन हजार सहा सालच्या डिसेंबरातली ही गोष्ट.

हिरी पहिल्यांदा आली ती सोमवारी दुपारी. इथल्याच वांगणी गावची बाई, भिवंडीकडे वीटभट्टीवर कामाला गेलेली. तिची नऊ वर्षांची कमू आश्रमशाळेत होती. पोर तापाने गेली. निरोप भट्टीवर पोचायला दोन दिवस लागले आणि हिरी गावी येईपर्यंत तिला पुरलंही होतं. आईला तोंडसुद्धा बघायला मिळालं नाही. घरात पोरीचा एक फोटो नाही. जुलैत शाळेच्या फॉर्मसाठी तीस पोरी जीपमध्ये कोंबून आणल्या होत्या, त्यांचे फोटो मीच काढले होते. प्रती सगळ्या फॉर्मांना डकवून वरच्या ऑफिसात गेल्या, आता कुठल्या गठ्ठ्यात असतील ते शाळेलाही सांगता येईना. उरला तो माझ्या कॉम्प्युटरमधला.

"बाय, एक काढून दे," ती म्हणाली. "बुधवारी मुकादमाची गाडी हाय. मंग पावसाळ्यापोत येनं नाय."

दोन मिनिटांचं काम. पण माझ्यासमोर लग्नाचा अल्बम पडला होता. "उद्या सकाळी ये गं, आत्ता मरायला वेळ नाही," मी म्हणाले. जळलं मेलं माझं तोंड!

संध्याकाळी लाईट गेली. ते रोजचंच. पण परत आली ती अशा झटक्यात, की बल्ब पांढराफटक पेटला आणि टेबलाखालून जळका वास आला. यूपीएसची बॅटरी चार महिन्यांपासून बाद होती, म्हणून मी मशीन सरळ भिंतीतल्या प्लगला लावलं होतं.

मंगळवारी मी दुकान उघडायला गेले तर हिरी पायरीवर बसलेली. बटण दाबलं, काही नाही. टेस्टरने प्लग तपासला, ठीक होता. वायर बदलली, तरी ढिम्म. मग डबा उघडला. पॉवर सप्लाय जळला होता. टायपिंग क्लासच्या धर्मेंद्र सरांकडे एक जुनं मशीन पडून होतं, त्यातला काढून आणला. पंखा फिरला. हिरी उठून उभी राहिली. लगेच मशीनने तीन शिट्ट्या मारल्या. रॅम काढून खोडरबराने घासली, परत बसवली. शिट्ट्या थांबल्या आणि काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आली. विंडोजची फाईल सापडत नाही म्हणे.

"दिसतं का काय?" हिरीने विचारलं.

"थांब गं जरा, डोकं नको खाऊस!"

नाशिकला कमलेशला फोन लावला. मशीन त्यानेच विकलं होतं. तो म्हणाला, "डिस्क काढून एसटीच्या कंडक्टरकडे दे. परवापर्यंत सगळं काढून पाठवतो."

"परवा नाही चालणार. आत्ता काय करू ते सांग."

"मग सीडी टाक, सी ड्राइव्ह फॉरमॅट कर आणि विंडोज नव्याने टाक. डीला हात लावू नकोस. पण फोटो डीमध्येच आहेत ना? डेस्कटॉपवर काही नाही ना? डेस्कटॉप म्हणजे सीच, ते सगळं पुसलं जाईल हां."

"मी काय काल आलेय का या धंद्यात?" म्हणून मी फोन आपटला आणि फॉरमॅटचं बटण दाबलं.

तासभर लागला. मी हिरीला चहा दिला.

"तुला ध्यानात हाय का माझी कमू?" तिने विचारलं.

तीस पोरी, सगळ्यांना दुकानातला एकच पांढरा शर्ट आळीपाळीने घातलेला. मला कुठली आठवायला! "आहे ना," मी म्हणाले. "गोड होती." हिरी पहिल्यांदाच हसली.

मशीन चालू झालं. पडद्यावर विंडोजचं ते निळं आभाळ, हिरवी टेकडी, सगळं कोरं करकरीत. हिरी खुर्चीला चिकटून उभी राहिली. मी डी उघडलं. लग्नं, बारशी, उरूस, रेशनकार्डाचे फोटो. शाळेचं फोल्डर नव्हतं. पुन्हा वरपासून खालपर्यंत बघितलं. आणि मग आठवलं. त्या दिवशी पोरींचा कालवा चाललेला, जीपवाला हॉर्नवर हॉर्न मारत होता. मी फोटो डेस्कटॉपवर टाकले होते, नंतर हलवू म्हणून. पाच महिने ते फोल्डर रोज माझ्या डोळ्यांसमोर होतं. कमूला मी माझ्या हाताने पुसलं होतं.



"हिरी, फोटो गेला गं," मी म्हणाले. "काल लाईट गेली ना, त्यात जळला."

तिने पडद्यावरच्या त्या हिरव्या टेकडीकडे बघितलं. रडली नाही.

"शालंतली बाई पन तेच बोलली," ती म्हणाली. "रातची लाईट गेलेली, म्हून पोरीला येवढा ताप चढलाय ते समजलाच नाय. लाईटीला कोन काय करील?" मग माझ्या दंडावर हात ठेवला. "तू नको वाईट वाटून घेऊ, बाय. सकालधरून लय केलास माझ्यासाठी."

कप विसळून ठेवून ती स्टँडकडे निघाली. हाक मारून तिला खरं सांगता आलं असतं. मी नाही सांगितलं. शाळेतली ती बाईही अशीच मान खाली घालून बसली असेल.