वीसपैकी वीस

जावा-जावा, उभा दावा म्हणतात ते काही खोटं नाही. मुखेडच्या उज्वलाचा दावा मात्र जावेशी कमी आणि जावेच्या पोरीशी जास्त होता. आता दोन वर्षांच्या पोरीचा कसला बाई हेवा! पण होता. धाकट्या मनस्विनीची मृण्मयी उज्वलाच्या मिहिरपेक्षा आठच दिवसांनी लहान. ती अख्खं घर बोटावर नाचवायची, आणि सासूबाई गुणाबाई दिवसभर तिचंच कौतुक सांगत बसायच्या. मिहिरला शंभरापर्यंत आकडे पाठ होते, पण हाक मारली तर मान वळवायचा नाही. हुशार पोरं अशीच असतात, असं उज्वला सगळ्यांना सांगायची. ऐकणारे विषय बदलायचे, आणि तिचा जीव आणखी जळायचा.

सरकारी दवाखान्यात लसीच्या दिवशी शरणम्मा सिस्टर दोन वर्षांच्या पोरांच्या आयांना वीस प्रश्न विचारायच्या. मूल बोटानं काही दाखवतं का, नावानं हाक मारली की बघतं का, असले. मृण्मयीचा नंबर आधी लागला. तिची अठरा उत्तरं बरोबर आली, तर मनस्विनी अशी मिरवत घरी आली, जणू पोरीला मेडिकललाच नंबर लागला.

उज्वला भूकंपानंतरच्या लातुरात दोन वर्षं क्लास करून आलेली. पेपर हातात पडायच्या आधी दहादा सोडवलेला पाहिजे, हे तिच्या हाडीमाशी भिनलेलं. जावेच्या पिशवीतला प्रश्नांचा कागद तिनं हळूच काढला, झेरॉक्स मारली आणि मिहिरचा क्लास सुरू केला; त्याचा नंबर पुढच्या महिन्याच्या लसीच्या दिवशी होता. ती "कावळा" म्हणायची, त्याचं बोट धरून वर करायची आणि बिस्किट द्यायची. महिन्याभरात पोरगं "कावळा" ऐकलं की बोट वर करू लागलं, मग वर कावळा असो की पंखा.

दवाखान्यात तिनं वीसच्या वीस प्रश्नांना हवी तीच उत्तरं दिली. सिस्टरनी एकदा मिहिरकडं बघितलं. हळूच म्हणाल्या, "ताई, यात पास-नापास नसतं. काही कमी असलं तर आत्ताच कळू द्या. नांदेडला पाठवू, तिथं अशा पोरांना बोलायला-खेळायला शिकवतात. उशीर झाला की जड जातं."

उज्वलाला वाटलं, हिलाही जावेनं फितवलं. वीसपैकी वीस घेऊन ती घरी आली आणि गल्लीभर पेढे वाटले.

मृण्मयी अंगणात पेढा खात होती. भिंतीवर कावळा येऊन बसला. पोरीनं बोट दाखवलं आणि लगेच वळून उज्वलाकडं बघितलं, ही बघतेय ना म्हणून.

"मोठी आई, काऊ."

हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, की बिस्किट दिलं नव्हतं. मिहिर शेजारीच उकिडवा बसून पेढ्याच्या खोक्यावरचा फोन नंबर पुन्हा पुन्हा म्हणत होता. त्यानं आपल्या आईला आजवर असं काही दाखवलं नव्हतं, एकदासुद्धा नाही. उज्वलाला त्या घडीला इतका हेवा वाटला की पोरीच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. मग तिचं तिलाच रडू कोसळलं.

दुसऱ्या दिवशी लसीचा वार नव्हता. तरी ती मिहिरला कडेवर घेऊन दवाखान्यात गेली आणि झेरॉक्सचा चुरगळलेला कागद टेबलावर ठेवला. मीच पढवलं होतं, पुन्हा विचारा, असं म्हणाली. सिस्टरनी काही बोल लावला नाही. कोरा कागद घेतला आणि विचारलं, "काही आवडलं तर तुम्हाला बोटानं दाखवतो का?"

"हाव" अगदी जिभेवर आलं होतं. उज्वलानं ते गिळलं.

"न्हाई," ती म्हणाली. "लिहा सिस्टर. न्हाई दाखवत."