समोर उभं असलेलं माणूस

शिपायाने दारात आडवा धरलेला हात बाजूला सारून इस्त्रीवाली कोर्टाच्या खोलीत शिरली. पुढच्या बाकावर जुन्या संगणकांचे खोके रचलेले होते. तिने ते उचलून खाली ठेवले आणि पदराने बाक पुसून बसली.

"अहो बाई, सुनावणी आता मोबाईलवर असते," शिपाई कुजबुजला. "इथं कुणी येत नाही."

"म्हणून तर बाकावर खोके आलेत."

मागच्या दोन्ही तारखांना ती मोबाईलवरच आली होती. गिऱ्हाइकांचे कपडे तसेच ठेवून 'कृपया थांबा' वाचत ताटकळली. आत कुणी घेतलंच नाही, आणि कागदावर मात्र गैरहजर. आजही तसंच झालं, तर निकाल एकतर्फी लागणार आणि नवरा गेल्यापासून एकटीने चालवलेलं दुकान दिराच्या घशात जाणार. दावा त्यानेच लावला होता.

न्यायाधीश समोरच बसले होते, नजर टेबलावरच्या संगणकाच्या पडद्यावर. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर दिराचे वकील आणि शेजारी दीर.

"प्रतिवादी बाई दुकान बंद करून निघून गेल्यात, साहेब," वकील म्हणाले. "त्यांचा ठावठिकाणा माझ्या अशिलालाही माहीत नाही."

"धडधडीत खोटं!" ती उठली. "मी इथं आहे."

"बाई, बोलायचं तर लिंकवरून बोला," न्यायाधीश मान वर न करता म्हणाले.

"लिंकवर दोनदा येऊन गेले, साहेब. आता माझ्या पायांनी आलेय. समोर उभ्या माणसाला गैरहजर कसं म्हणता?"

कारकून हां हां म्हणेपर्यंत ती टेबलाला वळसा घालून न्यायाधीशांच्या खुर्चीमागे, कॅमेऱ्यासमोर जाऊन उभी राहिली.

पडद्यावरचा दीर ताडकन उठला. लहानपणापासून तिच्याच हातचं खाऊन वाढलेला तो. ती आली की उठून उभं राहणं अंगवळणी पडलेलं. त्याचं डोकं पडद्याबाहेर गेलं. नुसती शर्टाची बटणं दिसत राहिली.

वकिलांनी त्याची बाही ओढली. "अहो, बसा! कोण आहेत या?"

"वहिनी," तो पुटपुटला.

न्यायाधीशांनी मान वळवून पहिल्यांदाच तिच्याकडे पाहिलं.

वकील बाही ओढतच होते. दीर काही बसेना.

"बस खाली," ती म्हणाली.

तो बसला.

"आता बोलू का, साहेब?"