एकघाव

"ओढू नकोस! अरे, वेसण ओढू नकोस!" आजोबा ओरडले, पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

परीक्षेचा दिवस. चष्मिस विद्यार्थी भेदरलेला, आणि भेदरलेला माणूस हाताला येईल ते ओढतो. रेड्याची नाकपुडी फाटली. रक्ताची चिळकांडी पोराच्या पांढऱ्या कोटावर उडाली आणि जनावरांच्या दवाखान्यातला तो थोराड रेडा दावं तोडून उधळला.

रेड्याचं नाव मास्तर. दरवर्षीची पोरं त्याच्याच अंगात सुई खुपसायला शिकत, आणि तो बिचारा रवंथ करत उभा राही. आजोबा हे नावही पोरांनीच ठेवलेलं. छप्पन्नाव्या वर्षी वही घेऊन पहिल्या बाकावर बसणाऱ्याला पोरं आणखी काय म्हणणार? त्याचं खरं नाव चालायचं कत्तलखान्यात. तिथे तो एकघाव. उभ्या आयुष्यात त्याला दुसरा घाव घालावा लागला नव्हता.

मग एके दिवशी त्याला सुरीचीच शिसारी आली. जनावरं बरी करायला शिकतो, म्हणाला. बायको म्हणाली, "अहो, तुमच्या नुसत्या वासानेच मरतील ती!"

आणि खरंच, सुरुवातीला तो गोठ्यात शिरला की जनावरं लटपटायची. त्याचा पूर्वीचा धंदा फक्त शिकवणाऱ्या डॉक्टरबाईंना ठाऊक होता. त्या म्हणाल्या, "जनावराकडे पाठ फिरवून बसा. हात उघडा ठेवा. यायचं तेव्हा येईल."

तो रोज बसायचा. पोरं फिदीफिदी हसायची. एका दुपारी मास्तरने मागून येऊन त्याच्या तळहातावरचा चारा खाल्ला, आणि हा एवढा राठ गडी तिथेच हमसून हमसून रडला. आपला हात सुरीच्या पाशातून सुटला, असं त्याला वाटलं.

तोच मास्तर आता पिसाळला होता. चष्मिसला वाचवायला बाई मध्ये पडल्या आणि शिंगांनी त्यांना भिंतीवर दाबलं. फासळ्या मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. पोरं गव्हाणीवर चढली. कुणी बादली फेकली, कुणी फावडं. रेडा मागे सरला आणि त्याने पुन्हा धडक मारली. बाईंच्या तोंडातून रक्त आलं.

"मास्तर," एकघाव जवळ जात म्हणाला. "मागे हो, राजा. माझं ऐक."

मास्तरने कान हलवला. आवाज ओळखला असावा त्याने. पण डोकं पुन्हा खाली गेलं.

टेबलावर परीक्षेची हत्यारं मांडलेली होती. त्यातली शवविच्छेदनाची लांब सुरी त्याने न बघता उचलली. कवटी जिथे मानेला मिळते, तिथे शिंगांमागे ती मुठीपर्यंत घातली. हात तसूभरही चुकला नाही. तेवढं धूड जागच्या जागी कोसळलं. मग त्याने गळाही चिरला, कारण अर्धवट मरू द्यायचं नसतं. गरम रक्त त्याच्या कोपरापर्यंत आलं.



"आजोबा, तुम्ही... हे कुठे शिकलात?" चष्मिस म्हणाला. त्याला उठवायला एकघावने हात पुढे केला, तसा तो बसल्या बसल्या मागे सरकला.

बाईंना स्ट्रेचरवर घातलं. त्यांनी त्याला खुणेने जवळ बोलावलं.

"पास झालात तुम्ही," त्या कशाबशा म्हणाल्या.

"कशात, बाई?"

 स्ट्रेचर निघून गेलं.

तो नळाखाली बराच वेळ हात धूत राहिला. मग कोपऱ्यातल्या वासराकडे गेला. ते रोज त्याचं मनगट चाटायचं. आज दावं ताणता येईल तेवढं ताणून ते भिंतीला चिकटलं. 

  एकघावने ओल्या हातात मूठभर चारा घेतला आणि वासराकडे पाठ करून, हात उघडा ठेवून, तो जमिनीवर बसला.