भट्टीवाल्याच्या नाकातली कातडी

मित्रांनो, मी एक जुनी कातडी आहे. ढोलाची नव्हे हो, पाव भाजणाऱ्या एका भट्टीवाल्याच्या नाकातली. कोटाला जसं अस्तर, तशी नाकाला मी. एके काळी धडधाकट होते, आता जागोजाग विरले आहे.

तरुणपणी मला तोड नव्हती. माझ्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट धरून असत की मधून पिठाचा कण जाईल तर शपथ! वर शेंबडाचा चिकट थर. हसू नका, तोच माझा पहारेकरी. धूळ त्यात अडके आणि माझे इवलेसे केस ती घशाकडे ढकलून देत. धन्याला पत्ताही लागत नसे. पाव झाला की नाही, हे तो भट्टीचं दार न उघडता नुसत्या वासावर सांगे. गिऱ्हाइकं त्याच्या नाकाची तारीफ करत आणि मला आत मूठभर मांस चढे.

त्या तारिफेनेच घात केला. नवं पोतं आलं की तो चिमूटभर पीठ नाकाशी धरून खोल हुंगे. जुनं पीठ त्याला असं ओळखू येई. मुलगी म्हणायची, "बाबा, नाकाला फडकं तरी बांध."

"मग वास काय तुझा काका घेणार?"

वीस वर्षं हेच. माझ्या पेशींची पकड सुटली, पीठ आत उतरलं आणि आतले, जंतूंशी लढणारे शिपाई खवळले. बिचाऱ्या पिठाने कुणाचं काय बिघडवलं होतं? पण चोर सोडून संन्याशाला फाशी! त्यांच्या हाणामारीत मी सुजले, आणखी फाटले. फाटले म्हणून आणखी पीठ आत गेलं. शिंकांना अंतच उरला नाही.

त्याने नाकात घालायचे थेंब आणले. तीन दिवसांचं औषध, हा तीन महिने घालत बसला. नाक घटकाभर मोकळं होई आणि मग दुप्पट चोंदे. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, "पीठ सोडा, नाहीतर वास कायमचा जाईल."

"पीठ सोडून काय माशा मारू?" म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी भट्टीवर हजर.

वास गेला. त्याने कुणाला सांगितलं नाही.

परवा मुलीने विचारलं, "बाबा, झाला का पाव?" त्याने डोळे मिटून हुंगल्यासारखं केलं. "अजून पाच मिनिटं."

"अरे, मला करपल्यासारखा वास येतोय."

"तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं का?"

ती पाच मिनिटं थांबली. दार उघडलं तेव्हा आत नुसता कोळसा होता. ती त्याच्याकडे बघतच राहिली. रागावली नाही, हेच मला जास्त लागलं. "बाबा, उद्यापासून तू येऊ नकोस," एवढंच म्हणाली.

मित्रांनो, माझं आता काही व्हायचं नाही. तुमची कातडी शाबूत असेल तर धुळीत, पिठात काम करताना नाक झाकत जा. आम्ही धड असतो तोवर आमची कुणाला आठवण होत नाही.

त्या दिवशी तो रिकाम्या पोत्यावर बसून राहिला. डोळे कोरडे होते. नाकातून मात्र पाणी गळत होतं. आता मला तेवढंच काम येतं.