तळाला भोक नसलेली खानावळ

मी एक जुनी खानावळ आहे. दुकानात माझं नाव ‘बर्ड फीडर’ होतं, म्हणजे पक्ष्यांना दाणे घालायचं लाकडी घर. हिरवं छप्पर, पांढऱ्या भिंती, पुढे दाण्यांसाठी खोलगट तबक. खानावळ हे नाव बाबांनी ठेवलं; त्यांच्याच खिडकीत मी टांगलेली असे. मित्रांनो, माझी गोष्ट ऐकणार असाल तर नाकाला रुमाल लावून बसा. मी स्वच्छ नव्हते, आणि माझी गोष्टही नाही.

शेवटच्या बऱ्या दिवसापासून सांगते. गुरुवार होता. सकाळी सातला बाबा नेहमीसारखे खिडकीत आले. त्यांनी तबकातले ओले दाणे वर्तमानपत्रावर उपसले, दात घासायच्या जुन्या ब्रशने माझे कोपरे खरवडले आणि फडक्याने मला कोरडं केलं. छपरावरच्या साळुंकीला म्हणाले, “जेवायचं इथेच आणि घाणही इथेच. वर आवाज चढवायचा! अशी गिऱ्हाइकं शत्रूला मिळोत.”

संध्याकाळी त्यांनी लेकीला फोन लावला. कारखान्यात आयुष्यभर यंत्रांचा खडखडाट ऐकून कान अधू झाले होते, म्हणून फोन स्पीकरवर असायचा. मला दोन्हीकडचं ऐकू यायचं.

“अगं, त्या खानावळीच्या तळाला जरा...”

“बाबा, आज पक्षी किती आले तेवढं सांगा. कामात आहे मी.”

“अकरा. ठेवतो.”

शुक्रवारी सातला खिडकी उघडली नाही. बाबा झोपेतच गेले होते.

आता चार वर्षं मागे चला. लेक दुकानात आली ती जेवणाच्या सुट्टीत. हातातला फोन दोनदा वाजला आणि तिने दोनदा कापला. दुकानदाराला म्हणाली, “वडिलांसाठी काहीतरी द्या हो. आई गेल्यापासून दिवसातून चारदा फोन करतात. भाजी चिरू कशी, पंखा पुसू का... काहीतरी नाद लागायला हवा त्यांना.”

दुकानदाराने आधी तळाला जाळी असलेलं एक साधं तबक दाखवलं. “हे घ्या, ताई. धुवायला सोपं. पाणी खाली निघून जातं.”

“किती दरिद्री दिसतंय! भेट आहे ती.” मग तिचं बोट माझ्याकडे वळलं. “ते हिरव्या छपराचं द्या.”

“दिसायला झकास आहे. पण याच्या तळाला भोक नाही. पाणी साचेल.”

“ते करतील काहीतरी. फिटर होते.”

तिने मला एकदाही उलटं करून पाहिलं नाही. चकचकीत कागदात गुंडाळली गेले तेव्हा मी फुशारले होते. माझ्या रंगाचं कौतुक झालं ना! आता त्या रंगाचीही मला शिसारी येते.

पक्षी म्हणजे रंग आणि गाणं, असं तुम्ही पुस्तकात वाचलं असेल. मी त्यांना खालून पाहिलंय. कबुतर माझ्या छपरावर बसत नसे, पसरत असे. चिमण्या एक दाणा खात आणि सहा उडवत. सगळे जण तबकात शिटत आणि तिथलेच दाणे टिपत. त्यात रात्रीचं दव, कधी पाऊस. पाणी जाणार कुठे? सकाळपर्यंत माझ्या पोटात आंबूस, बुळबुळीत लगदा झालेला असे.

पहिल्याच आठवड्यात बाबांना माझी खोड कळली. त्यांनी मला उलटं टेबलावर ठेवलं. पट्टी लावली, कानावरची पेन्सिल काढली आणि चार कोपऱ्यांत चार बारीक फुल्या मारल्या. खूण केल्याशिवाय त्यांनी जन्मात कुठे भोक पाडलं नव्हतं. मग ड्रिल सुरू केलं. ते घुर्रर्र करत माझ्यापाशी आलं आणि तिथेच थांबलं.

शेजारच्या काकू दारातून बघत होत्या. “पाडा की! रोज उठून पुसत बसणार का?”

“लेकीनं निवडून आणलंय हो. तिच्या वस्तूला परस्पर भोकं कशी पाडू? विचारतो तिला.”

आणि फुल्यांशेजारी त्यांनी पेन्सिलीनेच काहीतरी लिहिलं.

ते खरंच विचारत होते, मित्रांनो. दर काही दिवसांनी विचारायला सुरुवात करत होते. “अगं, त्या खानावळीला...” इथपर्यंत पोचत. पुढे ती आकडा मागे. आकडा दिला की फोन संपे. फोन चाराचा एक झाला होता. मी माझं काम चोख केलं होतं. चार वर्षं बाबांच्या वाकड्या झालेल्या बोटांनी मला रोज कोरडं पुसलं.

बाबा गेल्यावर घर पाच आठवडे बंद राहिलं. मला कुणी उपसलं नाही. दाणे फुगले, फुटले, काळे पडले. त्यांवर लव आली. मग अळ्या झाल्या. मुंग्यांनासुद्धा मी नकोशी झाले. तरी चिमण्या येत राहिल्या, सवयीने. एका चिमणीच्या डोळ्यांना चिकटा आला होता. ती तबकात पिसं फुलवून बसली. सकाळी तिथेच आडवी होती. मी खानावळ होते आणि विष वाढत होते. स्वतःची इतकी किळस कुणाला येऊ नये.

मग एका दुपारी लेक काकूंबरोबर घर आवरायला आली. खिडकी उघडली आणि पदर नसल्यामुळे तिने कोपरच नाकाला लावलं.

“ईऽ! काय घाण आहे ही! बाबांनी हे असं ठेवलं होतं?”

“जिभेला काही हाड?” काकू म्हणाल्या. “रोज सकाळी पुसायचे ते. खाली भोकं नाहीत ना त्याला.”

“मग पाडायची! फिटर होते ना?”

“मीही तेच म्हटलं. तर म्हणे, लेकीला विचारून पाडीन.” काकूंनी तिच्याकडे पाहिलं. “नाही विचारलं का तुला?”

काकू चहा टाकायला गेल्या. तिने कचऱ्याची पिशवी उघडली, तोंड फिरवून मला उचललं आणि ओतण्यासाठी उलटं केलं. लगदा पडला, अळ्या पडल्या, ती चिमणी पडली. माझा तळ तिच्यासमोर आला. चार फुल्या आणि शेजारी एक शब्द: ‘विचारणे.’

पिशवी तिच्या हातातून सुटली.

तिने मला मोरीत नेलं. खिडकीतला तो जुना ब्रश घेतला. हातमोजे होते, पण घातले नाहीत. दोनदा तिला उमळून आलं. दोन्ही वेळा तिने चूळ भरली आणि पुन्हा घासायला बसली. मग ड्रिल शोधून चारही भोकं पाडली. तिसरं फुलीवरून घसरलं. मी ओरडले नाही. तांब्याभर पाणी ओतलं, तर चार धारा सरळ खाली लागल्या.

मित्रांनो, माझ्यासारख्यांची निगा राखा, एवढंच मागते. कुणासाठी भेटवस्तू विकत घ्याल तेव्हा तिला उलटं करून बघा. ती रोज कुणाला पुसावी लागणार आहे, ते बघा. आणि समोरचा ‘अगं, त्या...’ म्हणून थांबला, तर त्याला पुढचं विचारा.

तिने मला खिडकीत टांगलं. दाणे घातले नाहीत. बाबांच्या खुर्चीत बसून ती माझ्या थेंबांकडे बघत राहिली. आत चहाचे कप वाजले, तरी ती उठली नाही.

“बाबा,” ती मोठ्याने म्हणाली, अधू कानांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने, “मला तुमच्या फोनचा वीट आला होता. म्हणून आणलं होतं हे.”